घडीचं बेंच आणि डावा अंगठा

विक्रीच्या चिठ्ठीवर ‘उत्तम स्थितीत’ असं लिहिलं होतं, आणि ते बेंच काही केल्या उघडत नव्हतं.

विकणारे गृहस्थ निवृत्त कारकून होते. निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने कपाटं, शेल्फं आणि पक्ष्यांसाठी घरटी करायची असा त्यांचा बेत होता. त्यातलं एक घरटं तेवढं झालं, आणि तेही पक्ष्यांना पसंत पडलं नाही. तेव्हापासून बेंच घडी करून गॅलरीत उभं होतं. आता ते एका हाताने त्याचा पाय ओढत होते, दुसऱ्या हाताने चष्मा सावरत होते आणि “कालच उघडलं होतं हो,” असं पुन्हा पुन्हा सांगत होते.

समोर मिस्त्रीणबाई उभी होती. नवरा सुतार, म्हणून सगळी गल्ली तिला मिस्त्रीणबाई म्हणायची. तिने स्वतः जन्मात एक खिळा सरळ ठोकला नव्हता. तिचं काम शिवणाचं. पँटी आखूड करायच्या, कोटांना अस्तर लावायचं, बिघडलेल्या चेन बदलायच्या. लाकडातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि आज ती लाकूडकामाची वस्तू विकत घ्यायला एकटीच आली होती. घरी काहीही न सांगता.

अखेर खटका सुटला आणि पाय उघडले. गृहस्थांनी घाम पुसला. “बघा ताई, हे नुसतं टेबल नाही. वरच्या या दोन फळ्या आहेत ना, हे दांडे फिरवले की त्या जवळ येतात आणि मधली वस्तू पकडून ठेवतात. जबड्यासारखी. दुसऱ्या माणसाची गरजच नाही. एका हाताने काम होतं.”

“एका हाताने,” ती म्हणाली.

तेवढंच ऐकायला ती आली होती, पण चेहऱ्यावर ते दिसू द्यायचं नव्हतं. गरज दिसली की भाव चढतो, एवढं तिला दुकानदारीतून कळत होतं. काहीतरी तपासल्यासारखं करायला हवं म्हणून मिस्त्री लाकडाच्या वखारीत जे करायचे तेच तिने केलं. डोळे अर्धवट मिटले आणि डावा अंगठा फळीवरून हळूहळू फिरवला. एक फळी गुळगुळीत होती. दुसरी पाण्याने फुगली होती, तिचे पापुद्रे सुटले होते. आता यावर काय विचारावं? तोंडातून सवयीने निघून गेलं, “धुतल्यावर आटत नाही ना?”

“धुवायचं कशाला?” गृहस्थ म्हणाले.

तिने जीभ चावली. मग फुगलेल्या फळीवर बोट ठेवून तिने भाव निम्म्यावर आणला. बेंच कमरेवर घेऊन, कोपऱ्याकोपऱ्यावर टेकवत ती घरी निघाली.

गेल्या वर्षी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. बोलणं पूर्ववत झालं, पाय सुधारला, डावा हातही हलू लागला. पण त्या हाताला स्पर्श कळेना. भाड्याची शेड सोडावी लागली. तिथलं जुनं भक्कम बेंच दाराबाहेर निघेना, म्हणून तेही शेडबरोबरच गेलं. हत्यारं ट्रंकेत भरून पलंगाखाली आली. तेव्हापासून मिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि खिडकीतून बाहेर न बघता शेजारच्या भिंतीकडे बघायचे. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले होते, “हात यायचा तेवढा आलाय. आता त्याला कामात ठेवा, नाहीतर आहे तोही जाईल.” डॉक्टर हाताबद्दल बोलत होते. तिला माणसाची काळजी होती. भिंतीकडे बघणारा माणूस रोज थोडा थोडा भिंतीसारखा होत जातो, हे ती डोळ्यांनी बघत होती.

बेंच बघून मिस्त्री खुर्चीतून उठले.

“ही घडीची घोडी कुठून उचललीस?”

“मिळाली.”

“मिळाली म्हणजे? रस्त्यात पडली होती?”

“तुमच्यासाठी आणली. बघा तरी.”

त्यांनी उजव्या हाताने दांडा फिरवून पाहिला. तो अर्ध्यात अडकला. खटका दाबला, तो दाबलेलाच राहिला. “सुताराचं बेंच असं नसतं गं,” ते म्हणाले. “हौशी माणसाचं खेळणं आहे हे.” आणि जाऊन खुर्चीत बसले.

तिला वाटलं, चुकलं आपलं. त्यांना यात दया दिसली असणार. तिने बेंच कपाटाच्या फटीत सरकवलं आणि मशीनवर बसून एका कोटाची बाही दोन्ही बाजूंनी शिवून बंद करून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर खुर्ची रिकामी. बाहेरच्या खोलीत बेंच उताणं पडलं होतं आणि मिस्त्री त्याच्याशेजारी जमिनीवर पाय पसरून बसले होते. ट्रंक उघडी होती.

“रॉकेल आहे का घरात? आणि जुनं कापड दे. चांगलं नको.”

तिने घाईघाईत गिऱ्हाइकाच्या कोटासाठी आणलेलं कोरं अस्तर फाडून दिलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला जराही वाईट वाटलं नाही.

मग बरेच दिवस घराला रॉकेलचा वास होता. मिस्त्री बोल्ट भिजत घालायचे, तारेच्या ब्रशने गंज उतरवायचे, दांड्यांच्या आट्यांमध्ये ग्रीस भरायचे. डाव्या हाताला पकडता येत नव्हतं, म्हणून ते तो हात वजनासारखा वस्तूवर ठेवायचे आणि उजव्याने पाना फिरवायचे. मधूनमधून बेंचला झापायचे. “एवढं तेल प्यायलास, आता तरी हल.” ती मशीनवरून ऐकायची आणि हसू दाबायची. पण हसू अर्ध्यावर आलं की काळजीही सोबत यायची. त्या बेंचला जागोजाग फटी होत्या, सांधे होते, झटक्याने मिटणारे पाय होते. ज्याला चिमटा कळतो अशा माणसासाठी ते बनवलेलं होतं.

ती ज्याला भीत होती ते एका दुपारी झालंच. पाय नीट मिटतात का हे मिस्त्री बघत होते. एक पाय पूर्ण मिटेना, म्हणून त्यांनी अजून जोर लावला. पाय काही मिटेना. “कुठे अडतंय रे तुझं?” म्हणत त्यांनी गुडघा टेकवला. तिने मान वर केली आणि तिला दिसलं, सांध्यात त्यांच्या डाव्या हाताची करंगळी होती.

ती धावली नाही. धावलं तर ते दचकतील आणि भार आणखी पडेल, असं तिच्या मनात आलं. “अहो, थांबा. गुडघा काढा,” ती जमेल तितक्या शांत आवाजात म्हणाली. त्यांनी गुडघा काढला, खाली पाहिलं आणि स्वतःच्या करंगळीकडे दुसऱ्या कुणाची असावी तसे बघत राहिले. रक्त बरंच होतं. हाड वाचलं होतं.

तिने करंगळीला पट्टी बांधली. “करंगळी अजून झोपलीय,” ते म्हणाले. “अंगठ्याला मात्र जाग आलीय बरं का. मुंग्या येतात हल्ली.”

“खरंच?”

“म्हणजे काय. अंगठा आला की सगळं आलं.”

अंगठ्याचं महत्त्व तिला सांगायला नको होतं. चाळीस वर्षं मिस्त्रींचा रंधा उजव्या हातात आणि न्याय डाव्या अंगठ्यात असायचा. उजव्या हाताचा अंगठा हत्यारं धरून धरून टाचेसारखा जाड झाला होता, त्याला बारीक काही कळायचं नाही. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. दोन फळ्यांचा सांधा झाला की ते डोळे मिटायचे, डावा अंगठा त्यावरून एकदा इकडून तिकडे न्यायचे आणि एकच शब्द बोलायचे, “एकजीव.” तो शब्द आला की गिऱ्हाईक निर्धास्त व्हायचं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने शिवलेल्या सदऱ्याच्या शिवणीवरूनही त्यांनी असाच अंगठा फिरवला होता आणि “एकजीव” म्हटलं होतं. तेव्हा ती लाजली होती.

फुगलेली फळी काढून त्यांनी जुन्या कपाटाची फळी कापली, रंधली आणि तिच्या जागी बसवली. बेंच उभं केलं. दांडे आता लोण्यासारखे फिरत होते, खटका खणखणीत वाजत होता. मिस्त्रींनी डोळे मिटले, दोन फळ्यांवरून अंगठा इकडून तिकडे नेला.

“एकजीव,” ते म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी ती मशीनवर गुणगुणत होती.

संध्याकाळी लाकडाचा भुसा झाडताना तिने बेंचवरून फडकं फिरवलं. ते अडकलं. तिने जागेवर अंगठा फिरवला. नवी फळी जुनीपेक्षा वर होती, आणि थोडीथोडकी नाही, जाड कापडाची दुहेरी दुमड बसेल एवढी. एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी. तिला वाटलं आपलंच चुकतंय. तिने कपाटातून रेशमाचा तुकडा काढला आणि फळीवरून अलगद ओढला. तीन ठिकाणी धागा निघाला.

तिने तुकडा उजेडात धरला. मग सगळं तिच्या लक्षात आलं. अंगठ्याला जाग आलीच नव्हती. मुंग्या येत होत्या, तेवढंच. ज्या अंगठ्याला काहीच लागत नाही, त्याला खडबडीत फळीही गुळगुळीतच लागणार. चाळीस वर्षं गुळगुळीत म्हणजे काहीच न लागणं, आणि आता मिस्त्रींना कुठेच काही लागत नव्हतं. जगातली कुठलीही फळी त्यांना आता एकजीवच वाटली असती.

सांगावं का? सांगितलं तर ते खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी उठणार नाहीत. न सांगावं, तर आज ना उद्या कुणीतरी परका माणूस त्यांना तोंडावर सांगेल. रात्रीच्या जेवणात तिने आडून सुचवलं, “उजेडात एकदा बघून घ्या ना फळी.”

“अंगठ्याने बघितलीय.”

“तरीपण.”

“आता तू मला सुतारकाम शिकव,” ते हसत म्हणाले. त्या हसण्यापुढे तिचं काही चालेना.

आणि ज्याची धास्ती होती ते स्वतःच्या पायांनी चालून आलं. मिस्त्रींच्या गोळ्या ज्याच्याकडून यायच्या तो औषधवाला. त्याच्या कपाटाचा एक खण अडकत होता, खालची पट्टी झिजली होती. मिस्त्रींनी त्याला परस्पर सांगून टाकलं होतं, “घेऊन ये.” सकाळी ते दाढी करून, कानावर पेन्सिल खोवून तयार बसले होते. इतक्या दिवसांत तिने त्यांना असं बघितलं नव्हतं. तिला त्यांच्याकडे बघवेना.

औषधवाला खण काखेत घेऊन आला. “वहिनी, मिस्त्री कामाला लागले हे फार बरं झालं,” म्हणत तो स्टुलावर बसला. मिस्त्रींनी खण जबड्यात घातला, दांडे फिरवले. खण किंचित तिरका बसला. त्यांना ते जाणवलं नाही. त्यांनी झिजलेली पट्टी काढली, नवी डकवली, बारीक खिळे मारले आणि रंधा उचलला. उजवा हात जुन्या तालात चालत होता आणि लाकडाच्या पातळ साली लांबच लांब निघत होत्या. औषधवाला कौतुकाने बघत होता. ती मशीनवर नुसतीच पायडल मारत होती, सुईखाली कापडच नव्हतं.

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. डोळे मिटले. पट्टीवरून अंगठा नेला.

“एकजीव.”

औषधवाला उठला, खण उचलायला पुढे झाला. आता हा खण घेऊन जाणार, दुकानात बसवणार, तो अडकणार, आणि गल्लीत चार तोंडी बोललं जाईल की मिस्त्री संपले. त्याच्याआधी तीच बेंचपाशी पोचली. कशी पोचली तिला कळलं नाही. तिने पट्टीवर आपला अंगठा ठेवला.

“नाही झाली,” ती म्हणाली. “एकजीव नाही झाली.”

औषधवाला छताकडे बघू लागला. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, ते फक्त ती काय म्हणतेय याचा अर्थ लावत होते. मग त्यांनी पुन्हा डावा अंगठा पट्टीवर ठेवला. या वेळी डोळे उघडे ठेवून, जोराने दाबला. कड अंगठ्यात रुतली, खाच पडली, खाचेभोवती पांढरं झालं. ते बघत राहिले.

“उद्या ये,” ते औषधवाल्याला म्हणाले. “खण इथेच राहू दे.”

तो गेला. दार लावून ती वळली तेव्हा मिस्त्री खुर्चीत नव्हते, बेंचलाच टेकून उभे होते.

“आणि ही?” त्यांनी बेंचच्या नव्या फळीकडे मान हलवली.

“तीही नाही.”

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“बसवलीत त्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही परत खुर्चीत जाऊन बसाल म्हणून,” ती म्हणाली, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू तिला आलं. “मला भीती वाटली हो. फार भीती वाटली.”

मिस्त्रींनी खटक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, आता घडी करणार. खटका वाजला की पाय मिटतील, बेंच कपाटाच्या फटीत जाईल आणि सगळं पहिल्यासारखं होईल. ती त्या आवाजाची वाट बघत उभी राहिली.

आवाज आला नाही. ते खटका पक्का बसलाय ना एवढंच बघत होते. मग त्यांनी दांडे सैल करून खण बाजूला ठेवला.

“खुर्चीत बसून कंटाळा आलाय मला,” ते म्हणाले. “इकडे ये. हात दे.”

त्यांनी तिचा डावा हात धरला आणि अंगठा दोन फळ्यांच्या मधोमध टेकवला. “दाबू नकोस. नुसता सोड. आता चालव. कुठे लागतंय?”

“इथून इथपर्यंत.”

“किती?”

याचं उत्तर तिला मापात देता येईना. “जीनच्या पँटीची दुमड असते ना, तेवढं.”

“मला काय ठाऊक पँटीची दुमड?” ते म्हणाले, पण पेन्सिल काढून त्यांनी खूण केली आणि रंधा घेतला. तिने दोन्ही हातांनी बेंच दाबून धरलं. साल निघाली.

“आता?”

“एकेरी. पण जाड कापड.”

रंधा पुन्हा फिरला.

“आता?”

“कोटाचं अस्तर. या टोकाला. त्या टोकाला जास्त आहे.”

“त्या टोकाला किती?”

“अस्तरावर अस्तर.”

ते चक्क हसले. असं दुपारभर चाललं. मध्ये कुणीतरी तयार पँट न्यायला आलं, त्याला तिने दारातूनच परत पाठवलं. एकदा तिने घाईत “झालं” म्हटलं, तर मिस्त्री म्हणाले, “मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. लागतंय ते सांग.” तिने पुन्हा अंगठा फिरवला आणि सांगितलं की अजून मलमलीएवढं आहे. मग त्यांनी रंधा ठेवून काचपेपर घेतला.

शेवटी तिने डोळे मिटले. अंगठा एका फळीवरून निघाला, पलीकडच्या फळीवर पोचला, आणि मधली जागा कुठे गेली हे तिला कळलं नाही. खात्रीसाठी तिने तो परत आणला. मिस्त्री गिऱ्हाइकासारखे तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

“एकजीव,” ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. तिचा हात मात्र सोडला नाही. अंगठा उजेडाकडे वळवून त्यांनी बारकाईने पाहिला. सुईने टोचल्याच्या बारीक काळ्या खुणा त्यावर जागोजाग होत्या.

“शिवताना जरा जपून,” ते म्हणाले. “एवढा एकच अंगठा उरलाय आपल्या दोघांत.”

मग त्यांनी औषधवाल्याचा खण उचलला, जबड्यात सरळ बसवला, आणि ती डोळे पुसून पुन्हा अंगठा पुढे करते का हे बघत दांडा फिरवू लागले.